ड्रिल झालं, शेरा तोच: फायर ड्रिलमधली जुनी चूक पुन्हा पुन्हा का येते आणि ती कशी थांबवायची

तक्रार ठरलेली असते. जहाजावर फायर ड्रिल, म्हणजे आग लागली असं धरून घेतलेला सराव, दर महिन्याला होतं, नंतर मीटिंग होते, रिपोर्ट वेळेत ऑफिसला जातो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच शेरे. इमर्जन्सी फायर पंपाने पाणी उचलायला वेळ लावला. वॉकी-टॉकी इंजिनरूममध्ये ऐकू आला नाही. बीए सेट (धुरात जाताना पाठीवर घ्यायचं हवेचं सिलिंडर आणि मास्क) घालायला उशीर झाला. मग एखाद्या बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे आलेली परदेशी जहाजं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेचा, अधिकारी चढतो, "ड्रिल करून दाखवा" म्हणतो, आणि वर्षभर 'समाधानकारक' म्हणून लिहिलेलं सगळं त्याच्यासमोर उघडं पडतं.

मी बरीच वर्षं जहाजावर चीफ मेट (कॅप्टनच्या खालोखालचा डेक अधिकारी) म्हणून ही ड्रिलं घेतली. आता बेलापूरच्या एका ऑफिसात बसून जहाजांवरून येणारे ड्रिल रिपोर्ट वाचतो. नेरूळ, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात घरटी नाही तरी इमारतीगणिक एखादा जहाजावरचा माणूस सापडतो. सुट्टीवर आलेली मुलं भेटली की बोलणं फिरून याच विषयावर येतं. त्यांना विचारायचं असतं की शेरा लिहिला, ट्रेनिंग दिलं, सह्या घेतल्या, तरी दोष जात का नाही. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे, आणि ऑफिसात बसून त्यांचे रिपोर्ट मंजूर करणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीही.

आधी मागचे सहा रिपोर्ट शेजारी ठेवा

काहीही दुरुस्त करायच्या आधी मागच्या सहा महिन्यांचे ड्रिल रिपोर्ट काढा आणि टेबलावर शेजारीशेजारी मांडा. फक्त 'निरीक्षण' आणि 'सुधारणा' हे दोन रकाने वाचा. वाक्यं सारखी आहेत आणि नुसती तारीख बदलली आहे असं दिसलं, तर दोष क्रूच्या हातापायात शोधू नका. तो आढाव्यात आहे. ड्रिल होतंय, पण त्यातून जे कळलं ते पुढे कुठेच जात नाही.

दुसरी खूण म्हणजे 'ट्रेनिंग दिलं' हा शेरा. मी पाहिलेल्या वारंवार येणाऱ्या दोषांपैकी बहुतेकांच्या पुढे हेच दोन शब्द असतात. पंपाचा ग्लँड (फिरत्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) गळतोय, ट्रेनिंग दिलं. मस्टर लिस्टमध्ये (आणीबाणीत कुणी कुठे जायचं आणि काय करायचं याच्या यादीत) एकाच माणसाला दोन जागी उभं केलंय, ट्रेनिंग दिलं. ट्रेनिंगने ग्लँड गळायचा थांबत नाही.

म्हणून प्रत्येक शेऱ्याला आधी जात लावा. सामान बिघडलंय का? मग तो दोष देखभालीच्या यादीत जायला हवा, सुट्या भागाची मागणी त्याच दिवशी निघायला हवी. माणसाला काम येत नाही का? मग त्या माणसाकडून, तेवढंच काम, येत्या आठवड्यात करून घ्या. कामाची वाटणी किंवा कार्यपद्धतीच चुकीची आहे का? मग मस्टर लिस्ट बदला किंवा कार्यपद्धती बदलायला कंपनीला लिहा. आणि जहाजाची मांडणीच अशी असेल की ते काम सांगितलेल्या वेळेत होऊच शकत नाही, तर तेही ऑफिसला स्पष्ट शब्दांत कळवा. या प्रत्येकाचा धनी वेगळा: चीफ इंजिनिअर, सेकंड मेट, कॅप्टन, सुपरिंटेंडंट. सगळ्यांना एकाच वाक्यात गुंडाळलं की धनी उरतच नाही.

सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या प्रकरणातला १९ वा नियम आपण 'महिन्यातून एक फायर ड्रिल, एक अबॅन्डन शिप (जहाज सोडण्याचं) ड्रिल' एवढाच लक्षात ठेवतो. त्याच नियमात पुढे लिहिलंय की ड्रिल शक्य तितकं खऱ्या आणीबाणीसारखं व्हावं, वापरलेलं सामान लगेच पूर्ववत तयार व्हावं, आणि ड्रिलमध्ये सापडलेले दोष लवकरात लवकर दूर व्हावेत. पहिला भाग आपण तारखेवर पाळतो. शेवटच्या भागाची तारीख मात्र कुणी विचारत नाही.

दोष परत का येतो: माणूस उतरतो, शिकलेलं त्याच्यासोबत उतरतं

माझ्या मते मूळ कारण हे आहे. ऑफिसरचं कॉन्ट्रॅक्ट चार-सहा महिन्यांचं, खलाशांचं थोडं जास्त. ज्या थर्ड मेटला अनुभवाने कळलं होतं की पुढच्या स्टोअरशेजारचा हायड्रंट अर्धाच उघडतो, तो न्हावा शेवाला उतरतो आणि सिंगापूरला दुसरा चढतो. हँडओव्हर नोटमध्ये प्रमाणपत्रांच्या तारखा असतात, हायड्रंट नसतो. नवा माणूस दोन-तीन ड्रिलांत तीच गोष्ट नव्याने शिकतो आणि उतरतो. जहाज मात्र काहीच शिकत नाही.

नियमातही याची जाणीव आहे. मागच्या महिन्यात त्या जहाजावर ड्रिल न केलेल्यांचं प्रमाण क्रूच्या २५ टक्क्यांवर गेलं, तर बंदर सोडल्यापासून २४ तासांत ड्रिल घ्यावंच लागतं. ते घेतलंही जातं. पण त्या ड्रिलमध्ये मागच्या क्रूने काय शोधलं होतं हे कुणाला माहीत नसतं.

इलाज साधा आहे, आणि संगणकाबाहेरचा आहे. एक जाड बांधणीची वही शिप्स ऑफिसमध्ये ठेवा. तिच्यात रिपोर्ट लिहायचा नाही. फक्त दोष, कधी दिसला, कुणाकडे दिला, कुठल्या तारखेपर्यंत, आणि पुन्हा चालवून पाहिल्यावर काय झालं. दोष बंद झाला असं लिहिण्याचा हक्क ज्याने दुरुस्ती केली त्याला नाही. ज्याने पुन्हा चालवून पाहिलं त्याने सही करायची. पुढच्या ड्रिलची आखणी करताना पहिल्यांदा ही वही उघडायची आणि उघडे दोष ज्या जागी आहेत तिथेच पुढची काल्पनिक आग लावायची. एवढ्यानेच निम्मे शेरे गळून पडतात, कारण पेंट लॉकर आणि गॅली (स्वयंपाकघर) या दोनच ठिकाणी आग लावत बसण्याची सवय मोडते.

'मस्टर, म्हणजे हजेरी, तीन मिनिटांत' हा दावा कसा तपासायचा

करावे गावातला एक मुलगा, आता थर्ड मेट, सुट्टीत भेटायला आला होता. म्हणाला, "काका, आमचा मस्टर तीन मिनिटांत होतो. तरी कॅप्टन म्हणतात ड्रिलमध्ये दम नाही."

मी विचारलं, "ड्रिल किती वाजता असतं?"

"शनिवारी साडेतीनला. बोर्डवर लिहिलेलं असतं."

"मग सव्वातीनला सगळे कुठे असतात?"

तो हसला. सगळे बूट घालून मेसमध्ये चहा पीत बसलेले असतात.

असा तीन मिनिटांचा आकडा कुणाच्या कामाचा नाही. वेळ आणि जागा बदला. 'या आठवड्यात कधीतरी' एवढंच सांगा. अलार्म वाजला की पीएवर (लाउडस्पीकरवर) 'ड्रिल, ड्रिल, ड्रिल' जरूर सांगा, म्हणजे कुणी घाबरून जिन्यावरून पडायला नको. रात्रीचं ड्रिलही अधूनमधून हवं, पण त्यासाठी झोप मोडल्याचा हिशेब ठेवा. २४ तासांत निदान १० तास आणि सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांती द्यावीच लागते, आणि ड्रिलने विश्रांतीत कमीत कमी खंड पडावा हेही त्याच नियमांत आहे. मोठ्या बंदरातून निघून दमलेल्या क्रूला मध्यरात्री उठवून घेतलेल्या ड्रिलमधून कुणी काही शिकत नाही.

मस्टरची खरी परीक्षा हजेरीत आहे. पुढच्या ड्रिलला एका माणसाला, त्याला सांगून, सुरक्षित जागी थांबवून ठेवा. समजा मोटरमनला प्युरिफायर रूममध्ये किंवा फिटरला वर्कशॉपमध्ये बसवलं. मग घड्याळ लावा. तो नाही हे मस्टरवर कळायला किती वेळ लागला? ब्रिजवर ते नाव पोचायला किती? त्याला शोधायला कोण निघालं, कुणाला सांगून? बऱ्याच जहाजांवर इथे धक्का बसतो. कुणीतरी सवयीने "सगळे हजर" सांगून मोकळं होतं.

या एका चाचणीचं वजन मोठं आहे, कारण इंजिनरूममध्ये सीओटू (आग गुदमरवणारा, पण माणसाचाही जीव घेणारा कार्बन डायऑक्साइड) सोडायचा निर्णय हजेरीवर उभा असतो. नियमाप्रमाणे इंजिनरूमच्या सीओटू यंत्रणेतला ८५ टक्के वायू दोन मिनिटांत आत जायला हवा. आत माणूस राहिला असेल तर त्याला बाहेर यायला वेळच नाही. म्हणून हजेरी चुकलेलं ड्रिल बाकी कितीही छान झालं तरी मी ते नापास धरतो, आणि हजेरी पुन्हा घ्यायला लावतो.

पंप चालतो, नळीला जोर नाही

हा सगळ्यात जास्त वेळा परत येणारा दोष. शेऱ्यात लिहिलेलं असतं 'प्रेशर कमी', आणि गाडी तिथेच थांबते.

क्रमाने जा. पंप सुरू झाला पण पाणी उचलत नाही? आधी समुद्राकडचा सक्शन (पाणी आत ओढायचा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते डोळ्यांनी पाहा, लिव्हरच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. मग स्ट्रेनर (गाळणी) उघडा. आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात काही दिवस उभं राहिलेल्या जहाजाच्या स्ट्रेनरमध्ये गाळ आणि शिंपले निघतात. मग प्रायमिंगची (पंपातली हवा काढून पाणी भरायची) यंत्रणा आणि सक्शनच्या बाजूची हवेची गळती, विशेषतः ग्लँड. हे सगळं ठीक निघालं तर जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे ते पाण्यात किती बुडालंय, बघा. माल उतरवून हलकं झालेलं जहाज पाण्यावर उचललेलं असतं. पंपाला पाणी चढवायला जास्त उंची पडते. भरलेल्या जहाजावर घेतलेल्या ड्रिलमध्ये हा दोष कधीच दिसणार नाही, म्हणून पंपाची चाचणी हलक्या ड्राफ्टवरही घ्या आणि वहीत ड्राफ्टचा आकडा लिहा.

पंपापाशी प्रेशर चांगलं, पण लांबच्या हायड्रंटवर नळी लोंबकळते? तर इंजिनरूममधली फायर लाइन वेगळी करणारा आयसोलेटिंग व्हॉल्व्ह पाहा. इमर्जन्सी पंप लावताना तो बंद करायचा असतो, नाहीतर पाणी इंजिनरूमच्या लाइनमध्ये परत फिरतं. आग इंजिनरूममध्ये असेल आणि तिथली लाइन फुटलेली असेल, तर सगळं पाणी तिथेच जाईल. ड्रिलमध्ये हा व्हॉल्व्ह बंद करायला जाणारा माणूस मस्टर लिस्टमध्ये आहे का? मी पाहिलेल्या अनेक मस्टर लिस्टमध्ये ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं. 'प्रेशर कमी' असा शेरा तिथे कितीही वर्षं आला असता.

मोजमापही लिहा. ६,००० ग्रॉस टनेज आणि वरच्या मालवाहू जहाजांना हायड्रंटवर ०.२७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने २.७ बार, प्रेशर राखावं लागतं. त्याहून लहान जहाजांना ०.२५. हायड्रंटला गेज लावून आलेला आकडा वहीत टाका. 'चांगला जोर होता' या वाक्याची पुढच्या महिन्याशी तुलना करता येत नाही, आकड्याची येते.

बीए सेट: तीच दोन पोरं, तीच हवा

बहुतेक जहाजांवर बीए सेट घालणारे दोघे ठरलेले असतात. एक तगडा एबी (अनुभवी खलाशी), एक थर्ड इंजिनिअर. ते भराभर घालतात, ड्रिल देखणं दिसतं. त्यातला एक साइन ऑफ होऊन उतरला की रिपोर्टात 'उशीर झाला' पुन्हा हजर. शिवाय सिलिंडर रिकामे व्हायला नकोत म्हणून मास्क चेहऱ्यावर न बसवताच 'घातला' असं धरलं जातं. ही काटकसर आता सबब म्हणून चालत नाही. २०१४ च्या जुलैपासून ड्रिलमध्ये वापरलेले सिलिंडर जहाजावरच भरण्याची सोय किंवा पुरेसे जादा सिलिंडर ठेवणं सोलासने बंधनकारक केलं आहे. ते नसतील तर तोच तुमचा पहिला शेरा.

आळीपाळीने सगळ्यांना घालायला लावा, आणि हवा लावून घाला. मास्कची पकड तपासा. दाढी वाढलेल्या माणसाच्या मास्कमधून हवा निसटते, हे सांगून पटत नाही, गेजची सुई पडताना दाखवली की पटतं.

मग हवेचा हिशेब सर्वांसमोर फळ्यावर मांडा. सिलिंडरमध्ये निदान १,२०० लिटर हवा, किंवा अर्धा तास चालेल एवढी क्षमता, असं नियम सांगतो, आणि खलाशी 'अर्धा तास' हे दोन शब्द लक्षात ठेवतो. आता सहा लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलेलं धरा. १,२०० लिटर. हवा संपत आल्याची शिट्टी वाजते तेव्हा २०० लिटरच्या आसपास उरलेली असते, ती राखीव. हाती राहिले १,०००. फायर सूट घालून, नळी ओढत, वाकून चालणारा माणूस मिनिटाला ५० लिटर सहज ओढतो. म्हणजे वीस मिनिटं. आत जायला सहा आणि यायला सहा मिनिटं लागत असतील, तर आगीपाशी उरली आठ. हे गणित ज्याने एकदा स्वतःच्या जहाजाच्या जिन्यांवर मोजून पाहिलंय, तो दुसरी टीम वेळेत तयार ठेवायला विसरत नाही. दारापाशी उभ्या माणसाकडे पाटी हवी: नाव, आत गेल्याची वेळ, तेव्हाचं प्रेशर. ही पाटी नसलेलं ड्रिल मी अर्धवट मानतो.

मे महिन्यात न्हावा शेवाला दुपारच्या डेकवर हे ड्रिल घेत असाल तर सूटमधल्या माणसावर लक्ष ठेवा. घाम थांबला, बोलणं तुटक झालं, की त्याला लगेच सावलीत घ्या, सूट काढा आणि अंगावर पाणी टाकून गार करा.

वॉकी-टॉकी, आवाज आणि भाषा

लोखंडी पेटीत रेडिओ लहरी अडतात, यात नवल नाही. नवल हे की कुठे अडतात हे जहाजाला माहीत नसतं. एका शांत दुपारी कॅडेटला आणि एबीला एकेक सेट देऊन इंजिनरूम, पंपरूम, स्टिअरिंग, होल्डचे जिने फिरवा. जिथे आवाज तुटतो तिथे फायर प्लॅनच्या प्रतीवर पेन्सिलीने खूण करा. ती प्रत फायर स्टेशनमध्ये लावा. त्या जागी आग लागली तर मध्ये कोण उभा राहून निरोप पुढे देणार हे आधीच ठरलेलं असेल. फायर पार्टीसाठी निदान दोन, स्फोटक वातावरणात चालतील असे सेट हवेत, आणि त्यांच्या बॅटऱ्या कोण चार्ज करतो याचं नाव हवं.

मास्कमधून बोललेलं ब्रिजवर कळत नाही, त्यातून क्रू मिश्र. जहाजाची कामाची भाषा ठरलेली असते, पण धूर दिसला की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. आपली कोकणातली पोरं "अरे तिकडं जा, तिकडं!" म्हणतात आणि शेजारचा फिलिपिनो ऑइलर गोंधळतो. म्हणून ड्रिलमध्ये मोजके, ठरलेले निरोप वापरायची आणि ऐकणाऱ्याने ते परत बोलून दाखवायची सवय लावा. लाइफलाइनचे (आत जाणाऱ्याला बांधलेल्या दोराचे) ओढण्याचे इशारेही डोळे झाकून सराव करण्यासारखे आहेत.

एक साधन बहुतेक मोठ्या जहाजांवर असतं आणि आढाव्यासाठी क्वचितच वापरलं जातं: व्हीडीआर, म्हणजे जहाजाचा 'ब्लॅक बॉक्स'. ब्रिजवरचं बोलणं त्यात साठतं. ड्रिल संपल्यावर, कंपनीची परवानगी असेल तर, तेवढा भाग लगेच सेव्ह करून घ्या आणि मीटिंगमध्ये ऐकवा. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' आणि 'मला कुणी सांगितलंच नाही' हा वाद तिथेच संपतो. उशीर केलात तर नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं.

फ्लॅप आणि डॅम्पर

थोडक्यात: आगीला हवा मिळू नये म्हणून हवेच्या वाटा बंद करणारी ही झाकणं. दर ड्रिलला तेच दोन हाताशी असलेले फ्लॅप बंद होतात, बाकीचे गंजतात. सगळ्यांना नंबर द्या, प्रत्येक ड्रिलला पुढचे चार घ्या, आणि पूर्ण बंद झाला की नाही हे आतून टॉर्च मारून बाहेर उजेड येतो का यावरून ठरवा.

कंटेनर जहाज असेल तर काल्पनिक आग खऱ्या बॉक्सला लावा

वान हाई ५०३ हे जहाज ९ जून २०२५ ला केरळच्या किनाऱ्याबाहेर पेटलं. ते कोलंबोहून आपल्याच न्हावा शेवाला यायला निघालं होतं. जहाजावर २२ जण होते, १८ वाचवले गेले, चौघे बेपत्ता झाले. २०१८ च्या मार्चमध्ये अरबी समुद्रात मर्स्क होनमवर आग पुढच्या होल्डमधून राहत्या भागापर्यंत आली आणि पाच जण गेले. ही जहाजं जिथून जातात तिथूनच आपली मुलं रोज जातात. तरी बऱ्याच कंटेनर जहाजांच्या ड्रिल यादीत गॅलीत पेटलेलं तेल हाच कायमचा प्रसंग असतो.

त्या दिवशीचा बे प्लॅन (कुठला कंटेनर कुठे ठेवलाय याचा आराखडा) आणि धोकादायक मालाची यादी हातात घ्या, त्यातला एक प्रत्यक्ष बॉक्स निवडा, आणि चीफ मेटला विचारा: आत काय आहे, शेजारी काय आहे, पाणी चालेल का, तिथपर्यंत नळी पोचते का? उत्तर यायला लागलेली मिनिटं मोजा. २०१६ पासून बांधलेल्या, डेकवर कंटेनर नेणाऱ्या जहाजांवर वॉटर मिस्ट लान्स (कंटेनरचा पत्रा भेदून आत पाण्याचे तुषार सोडणारी नळी) असावा लागतो. तो पेटीतून काढून, जोडून, उचलून पाहिलेला माणूस तुमच्या जहाजावर आहे का? पाच थर किंवा जास्त रचणाऱ्या जहाजांवर हलवता येणारे वॉटर मॉनिटरही (पाण्याच्या तोफा) असतात. त्यांना लागणारं पाणी तुमचे पंप एकाच वेळी देतात की नाही, हे ड्रिलमध्येच कळू दे.

बंदरात उभं असताना आणखी एक सराव करून बघा. बंदराची अग्निशमन गाडी गँगवेपाशी आली असं धरा. राहत्या भागाबाहेर ठेवलेला फायर प्लॅन कुणी काढून दिला? इंटरनॅशनल शोअर कनेक्शन (किनाऱ्यावरची नळी जहाजाच्या फायर लाइनला जोडायचा तुकडा) कुठे आहे, त्याचे नटबोल्ट आणि गॅस्केट सोबत आहेत का? कुणाची नावं आत अडकलेल्यांत आहेत हे त्यांना कोण सांगणार? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती, आग आटोक्यात आली नाही, आणि विझवायला गेलेले जवान स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. ऑफिसांतून त्या आठवड्यात पोस्टर येतात. पोस्टर लावाच, पण त्या आठवड्यात हा गँगवेचा सराव घेतलात तर त्या जवानांच्या जागी उभ्या राहणाऱ्यांच्या कामी येईल.

आढावा घेताना कोण आधी बोलतो

मेसमध्ये सगळे बसलेत, चीफ मेट मुद्दे वाचतोय, माना हलताहेत, सह्या होताहेत. या मीटिंगमधून आजवर एकही नवा दोष बाहेर आलेला मी पाहिलेला नाही. दोष माहीत असतात, पण तो मेसमनला माहीत असतो, फिटरला माहीत असतो, आणि कॅप्टनसमोर ते बोलत नाहीत.

ड्रिल संपल्यावर सामान आवरायच्या आधी, आहे त्या जागी, दहा मिनिटं उभ्या उभ्या बोला. सर्वांत ज्युनिअर माणूस पहिला, कॅप्टन सर्वांत शेवटी. प्रत्येकाला एवढंच विचारा: तू कुठे थांबलास? कशाची वाट पाहत होतास? काय हाताला लागलं नाही? 'चूक कुणाची' हा प्रश्न या दहा मिनिटांत नको. एकदा कॅडेटने सगळ्यांसमोर बोसनचं (खलाशांच्या मुकादमाचं) नाव घेतलं आणि त्याला झापलं गेलं, की पुढचे सहा महिने कॅडेट गप्प. त्याऐवजी कॅडेटला ड्रिलमधून मोकळं ठेवून त्याच्या हाती घड्याळ आणि वही द्या. अलार्म, पहिला मस्टर रिपोर्ट, पंप सुरू, पहिलं पाणी, टीम आत, टीम बाहेर, एवढ्या वेळा त्याने लिहायच्या. पुढच्या वेळी हे काम कुकला द्या. पाहणारा बदलला की दिसणारं बदलतं.

आणि एका ड्रिलमधून दहा शेरे काढू नका. दोन काढा, पण त्यांच्या मुळाशी जा. सापडलेला दोष पुढच्या महिन्याच्या ड्रिलपर्यंत ठेवू नका. तेवढाच भाग, ते दोन-तीन लोक, पंधरा मिनिटांत त्याच आठवड्यात पुन्हा करा आणि नवी वेळ वहीत जुन्या वेळेशेजारी लिहा.

ऑफिसकडून मी एवढं करतो, आणि इतरांनीही करावं: 'सर्व समाधानकारक' असा रिपोर्ट आला की एक ओळीचं उत्तर पाठवतो, "मागच्या ड्रिलमधला कुठला दोष या वेळी पुन्हा तपासलात?" ज्या जहाजाने मागणी पाठवूनही सुटा भाग मिळाला नाही असं लिहिलंय, त्या जहाजाला पुन्हा शेरा लिहायला लावणं अन्यायाचं आहे. तो दोष तेव्हापासून ऑफिसचा. आयएसएम कोडच्या (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या) आठव्या भागात आणीबाणीच्या तयारीची आणि ड्रिलच्या कार्यक्रमाची जबाबदारी कंपनीवर आहे, एकट्या कॅप्टनवर नाही.

लाइफबोटीकडे जाताना

फायर ड्रिलच्या शेवटी जहाज सोडण्याची तयारी तपासायची असते, आणि घाईत सर्वाधिक इजा याच टप्प्यावर होतात. लाइफबोटीच्या ड्रिलमध्ये जगभर खलाशी मेले आहेत, म्हणूनच बोट सोडणाऱ्या जुन्या रिलीज हुकांच्या बदलाचा किंवा सुधारणेचा नियम आला. निर्मात्याने सांगितले असतील तसे फॉल प्रिव्हेंटर (हुक अचानक सुटला तरी बोट पडू न देणारा जादा आधार) लावा, हुक पूर्ण बसल्याची खूण दोघांनी पाहा, आणि वेळ मोजणं इथे बंद ठेवा. नियमाप्रमाणे तीन महिन्यांतून एकदा बोट पाण्यात उतरवून चालवायची आहे. हवामान ठीक नसेल तर तसं कारण लिहून पुढच्या बंदरात घ्या. 'उतरवली' असं खोटं लिहू नका. ज्या दिवशी ती खरंच उतरवावी लागेल त्या दिवशी तिच्यात बसणारी माणसं ती नोंद खरी धरून बसतील.

नवा माणूस चढला की पहिल्या दिवशी त्याला ती वही वाचायला द्या. 'बंद' असं लिहिलेल्या दोषांपैकी कुठलाही एक त्याला निवडू दे, त्या जागी जाऊन स्वतः चालवून पाहू दे, आणि दोष परत आला असेल तर सहीसमोर आजची तारीख घालून तो पुन्हा उघडू दे.